कडप्प्यातली उल्काधूळ: जुन्या चुनखडकातले सूक्ष्म उल्काकण कसे शोधावेत

गोव्यात राहून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे उल्काकण शोधायचे असतील, तर पहिला सल्ला असा: डिचोली-साखळीच्या खाणींकडे वळू नका. फरशीच्या दुकानात जा. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठलंही चालेल. दुकानामागे कडप्प्याचे आणि शहाबादीचे फुटके तुकडे पडलेले असतात. ते ज्या समुद्रतळावर साचले, त्याच्यावर आकाशातून पडलेली धूळ त्यांच्यात अडकलेली असण्याची खरी शक्यता आहे. आपल्या लोहखनिजातही ती असेल, पण तिथे ती सापडायची नाही. का, ते पुढे येईलच.

हा लेख महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी, शाळेत विज्ञान मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि निवृत्तीनंतर सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्या हौशी मंडळींसाठी आहे. शेवटची खातरजमा घरी होत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. मात्र दगड निवडण्यापासून संशयित कण वेगळा काढण्यापर्यंतचं सगळं काम बाल्कनीत किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकतं. आणि नव्वद टक्के चुका तिथेच होतात.

नक्की शोधायचं काय?

सूक्ष्म उल्काकण साधारण ५० मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २ मिलिमीटरपर्यंतचे असतात. आपल्याला सापडतील ते बहुतेक बारीक रव्याच्या कणाहूनही लहान. लघुग्रह आणि धूमकेतूंपासून सुटलेली ही धूळ सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगाने वातावरणात शिरते. त्यातले बरेच कण जमिनीपासून ७५ ते ९० किलोमीटर उंचीवर वितळतात, थेंबासारखे गोल होतात आणि काही सेकंदांतच थिजून सावकाश खाली येतात. या गोळ्यांना वैश्विक गोलिका म्हणतात. खाली पुष्कळदा नुसतं ‘गोळी’ म्हटलंय, कारण हे काम करणारे बोलताना तसंच म्हणतात.

गोळ्यांचे तीन प्रकार. सिलिकेटच्या म्हणजे दगडी, लोखंड-निकेलच्या ऑक्साइडच्या, आणि दोन्हींच्या मधल्या. अंटार्क्टिकाच्या दक्षिण ध्रुवावरच्या पाण्याच्या विहिरीत मिळालेल्या मोठ्या संग्रहात दगडी गोळ्या ९७ टक्क्यांच्या आसपास आणि लोखंडी फक्त २ टक्क्यांच्या घरात आहेत. जुन्या खडकात मात्र हिशेब उलटतो. दगडी गोळ्यांची काच आणि ऑलिव्हीन हे खनिज पाण्याने कुजून त्यांची माती होते. लोखंडी गोळ्या टिकतात, शिवाय लोहचुंबकाला चिकटतात. म्हणून आपण शोधायच्या त्या लोखंडीच.

त्यांचं मोल कशात आहे, ते एका शोधावरून कळतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातले अँड्रयू टॉमकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातला २७२ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक ॲसिडात विरघळवला आणि त्यातून ६० गोळ्या काढल्या. २०१६ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्या गोळ्यांतलं लोखंड ऑक्सिडाइझ झालेलं होतं. त्या काळात जमिनीलगतच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. मग वितळत्या लोखंडाला ऑक्सिजन दिला कुणी? टॉमकिन्स यांचं म्हणणं, वरच्या थरात ऑक्सिजन पुरेसा होता. २०२० मध्ये इतरांनी गणितं मांडून दाखवलं की भरपूर कार्बन डायऑक्साइड असेल तरीही हेच घडेल. वाद काहीही असो, त्या काही सेकंदांत गोळीने जो ऑक्सिजन घेतला तो त्या युगाच्या हवेतला होता आणि तो अजून तिच्यात आहे. २०२५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या कामात अशाच जीवाश्म गोळ्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून, जुन्या हवेचा माग काढण्याचा प्रयत्न झाला. मोजमापासाठी इतकी जुनी हवा दुसरीकडे कुठे मिळणार?

आपल्याच मातीतले खडक का नकोत?

गोव्याचे मूळ खडक धारवाड महागटातले, आर्कियन काळातले, म्हणजे पिलबाराच्या चुनखडकाच्याच युगातले म्हणता येतील. वयाची अडचण नाही. अडचणी दुसऱ्याच आहेत.

डिचोली गटातल्या पट्टेदार लोहखडकात मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट ही लोहखनिजं ठासून भरलेली असतात. त्यात चुंबक फिरवलात तर चमचाभर काळी पूड चिकटेल आणि तिच्यात एखादी गोळी असलीच तरी ओळखू येणार नाही. शिवाय हे खडक जमिनीखाली भाजून-दाबून रूपांतरित झालेले आहेत. त्यातले लोहकण पुन्हा स्फटिकले आहेत, म्हणजे गोळीचा मूळ पोत पुसला गेलेला असणार. वरून पावसाने त्यांचा जांभा करून टाकलाय. सावर्डे गटातल्या ग्रेवॅकचं (मातकट वालुकाश्माचं) दुखणं आणखी वेगळं: तो गाळ भराभर साचलेला, त्यामुळे धूळ फार पातळ झालेली.

जांभ्याबद्दल एक इशारा. जांभ्यात लहान गोल दाणे असतात. बाहेरून चकचकीत, तपकिरी-काळे, आणि मॅगहेमाइट या चुंबकी लोहखनिजामुळे कित्येक वेळा जोरात चुंबकाला चिकटणारे. दरवर्षी कुणीतरी असे दाणे बाटलीत भरून ‘उल्का सापडल्या’ म्हणून आणतंच. फोडून बघा: आत कांद्यासारखे पापुद्रे दिसले की विषय संपला. समुद्रकिनाऱ्यावरच्या काळ्या रेतीचंही तसंच, ती मॅग्नेटाइट-इल्मेनाइटची झिजलेली रेती असते.

आणि बंद खाणींच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांच्या काठावर दगड गोळा करायला जाऊ नका. काठ कधी ढासळेल सांगता येत नाही. मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यं इथून तर परवानगीशिवाय खडाही उचलायचा नाही.

दगड कोणता घ्यावा?

हवा तो सावकाश साचलेला, न भाजलेला चुनखडक. सावकाश का, याचा हिशेब करून पाहू.

अंटार्क्टिकातल्या कॉन्कॉर्डिया केंद्राजवळच्या बर्फावरून २०२१ मध्ये काढलेला अंदाज असा की, वर्षाला सुमारे ५,२०० टन उल्काधूळ जमिनीपर्यंत पोहोचते. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे १० मायक्रोग्रॅम येतात. २०० मायक्रॉन व्यासाची एक दगडी गोळी १२-१३ मायक्रोग्रॅमची भरते. म्हणजे ढोबळमानाने चौरस मीटरमागे वर्षाला अशी एक गोळी. आता समुद्रतळावर हजार वर्षांत १ सेंटिमीटर चुनखडक साचला असं धरा. एक चौरस मीटर लांबी-रुंदीचा आणि १ सेंटिमीटर जाडीचा तुकडा म्हणजे १० लिटर, साधारण २६ किलो दगड. त्यात हजारेक गोळ्या पडल्या, त्यातल्या २ टक्के लोखंडी, म्हणजे वीस. किलोमागे एकही पुरी नाही. गाळ दहापट वेगाने साचला असेल तर २६ किलोत दोनच. आजच्या वेगावरून काढलेला हा हिशेब झाला. प्राचीन काळी वेग कमी-जास्त होताच. ४६.६ कोटी वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह फुटला आणि पुढचा बराच काळ पृथ्वीवर धुळीचा वर्षाव वाढला, याचे पुरावे स्वीडनच्या चुनखडकात मिळाले आहेत. तरी मुद्दा तोच राहतो: एक किलो विरघळवून काही मिळालं नाही, तर त्यात विशेष काही नाही.

म्हणून फरशी. कडप्पा म्हणून आपल्या ओट्यावर येतो तो काळा दगड आंध्रातल्या कुर्नूल गटातला चुनखडक आहे. शहाबादी हा कर्नाटकातल्या भीमा खोऱ्यातला. दोन्ही ढोबळमानाने निओप्रोटेरोझोइक काळातले, म्हणजे १०० कोटी ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या पट्ट्यातले. दोन्ही फारसे भाजलेले नाहीत. त्यांचा एक मोठा फायदा असा की ते थराथरांनी सुटतात, म्हणजे फरशीचा न घासलेला पृष्ठभाग हा बहुधा एकेकाळचा समुद्रतळच असतो. गाळ साचणं मध्येच थांबलं की अशा थरावर धूळ एकवटते. त्यामुळे तुकडे निवडताना ज्यांच्या कडेला पातळ, गडद, मातकट रेघा दिसतात ते बाजूला काढा. ते उथळ समुद्रातले खडक आहेत, आदर्श नव्हेत, पण शिकायला आणि प्रसंगी काही सापडायलाही पुरेसे.

संगमरवर घेऊ नका, तो पुन्हा स्फटिकलेला असतो. ग्रॅनाइटचा प्रश्नच नाही. घरातली जुनी फरशीही नको, तिच्या भेगांत वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. नवा, पॉलिश न केलेला तुकडा घ्या. माल कुठल्या गावच्या खाणीतून आला ते दुकानदाराला विचारा आणि तिथल्या तिथे लिहून ठेवा. मोघम उत्तर मिळालं तर तेही लिहा. खाणीचं नाव कळत नाही तोवर शोधनिबंध होणार नाही, सराव होईल. पुढे मन बसलं तर बागलकोट किंवा कलबुर्गीकडे जाऊन, थराची उंची मोजून, वरची बाजू कुठली यावर खूण करून नमुना आणता येईल.

दुकानातच एक चाचणी करा. खिळ्याने ओरखडा काढून त्या पुडीवर विनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर चुनखडक. अगदीच थंड राहिलं तर डोलोमाइट, म्हणजे चुनखडकाचा मॅग्नेशियमवाला भाऊ, असेल; तो ॲसेटिक ॲसिडात फार हळू विरघळतो.

त्याआधी खोट्यांची ओळख

ही पायरी सगळ्यांना गाळावीशी वाटते. गाळू नका. खऱ्या गोळ्या थोड्या आणि खोट्या असंख्य, असा हा धंदा आहे. आजच्या हवेत लोखंडाच्या गोल कणांचा सुकाळ आहे. वेल्डिंगची ठिणगी थिजली की गोळी. ग्राइंडरची ठिणगी थिजली की गोळी. दगडी कोळशाच्या राखेतही पोकळ काचेच्या गोळ्या असतात. गोव्यात यात भर पडते ती नदीकाठच्या बार्जदुरुस्तीच्या यार्डांची, ओतीव लोखंडाच्या कारखान्यांची आणि चतुर्थी-दिवाळीच्या दारूकामाची. साध्या फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो, ती पेटली की शेकडो गोळ्या उडतात.

तेव्हा आधी खोट्यांची पेटी तयार करा. स्टीलच्या थाळीवर फुलबाजी जाळा आणि थाळीत पडलेलं लोहचुंबकाने उचला. ओळखीच्या वेल्डरकडून त्याच्या टेबलाखालची चिमूटभर धूळ मागून घ्या. ग्राइंडरखालची वेगळी. जांभ्याचे दाणे वेगळे. प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चित्र काढा. फोटो नव्हे, चित्र. हाताने काढताना पृष्ठभागावरच्या बारीक रेषा, बुडबुडे, शेपट्या डोळ्यात बसतात. फुलबाजीच्या गोळ्या बघून झाल्या की नुसत्या बाह्यरूपावर विश्वास ठेवायची खोड जाते, कारण त्यातल्या काही खऱ्या गोळ्यांसारख्याच दिसतात, अगदी पृष्ठभागावरच्या झाडाच्या फांद्यांसारख्या नक्षीसकट.

मग आजच्या काळातल्या खऱ्या गोळ्यांसाठी गच्ची. नॉर्वेचे जॅझ गिटारवादक यॉन लार्सेन यांनी शहरातल्या छपरांवरच्या धुळीत उल्काकण सापडतात हे सिद्ध केलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज यांनी त्यांची तपासणी केली, आणि २०१७ मध्ये अशा ५०० कणांची नोंद प्रसिद्ध झाली. त्याआधी जाणकार मंडळी ‘शहरात हे अशक्य’ म्हणून सोडून देत असत. गोव्यात गच्ची झाडायची ती मे महिन्यात. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की वर्षभराची कमाई गटारात. मंगलोरी कौलांपेक्षा सपाट स्लॅब बरा. खाणपट्ट्यापासून, कारखान्यांपासून आणि नुकतंच रेलिंगचं वेल्डिंग झालेल्या घरापासून दूरचा. इथे मिळतील त्या बहुतेक दगडी गोळ्या असतील: काळ्या-तपकिरी, काही काचेसारख्या, काहींवर समांतर पट्ट्या. त्या चुनखडकात आपल्याला मिळणार नाहीत, पण आकाशातून आलेला कण कसा असतो हे डोळ्याला कळतं.

फोडणं आणि सोलणं

दगडाला ग्राइंडर किंवा कटर लावायचा नाही. कटरच्या पात्यातून उडणारे धातूचे कण नेमके आपल्याला हव्या त्या आकाराचे असतात. दुकानातला तुकडा कापलेला असेल तर त्या कडा फोडून टाकून द्या. उरलेला तुकडा जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, वर कापड गुंडाळून हातोडीने फोडा. पेरूएवढे तुकडे पुरेत. पूड करायची गरज नाही, करूही नका, गोळ्या चिरडतील. डोळ्यांवर गॉगल हवाच.

मग तुकडे नळाच्या जोरदार धारेखाली मऊ प्लॅस्टिकच्या ब्रशने घासा आणि पातळ ॲसेटिक ॲसिडात रात्रभर ठेवा. यात वरचं साल विरघळून जातं आणि हाताळताना चिकटलेली आजची धूळही जाते. ते पाणी आणि त्यातला गाळ वेगळ्या बाटलीत ‘साल’ असं लिहून ठेवा. याच्यात गोळ्या सापडल्या आणि आतल्या दगडात एकही नाही, तर निकाल काय लागला ते तुमचं तुम्हालाच कळेल.

अर्धा नमुना न फोडता, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवायचा. कुणी शंका घेतली तर त्याच दगडावर पुन्हा काम करता आलं पाहिजे.

आणि कोरी फेरी. दगड सोडून बाकी सगळं तेच: तीच बादली, तेच ॲसिड, तेवढेच दिवस, तीच चाळणी, तोच चुंबक. शेवटी जे उरेल त्यातल्या गोळ्या मोजा. हा आकडा शून्य येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. शून्य येत नसेल तर बादली झाकून ठेवा, खिडकी बंद ठेवा, नळाचं पाणी गाळून घ्या, आणि शेजारी कुणी ग्रिलचं काम काढलंय का ते बघा. कोऱ्या फेरीची नोंद नसलेल्या गोळीकडे तज्ज्ञ माणूस ढुंकूनही पाहत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ॲसिडात विरघळवणं

फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते चुनखडक झटपट खातं, पण आपल्या गोळ्यांतलं लोह-ऑक्साइडही कुरतडतं. म्हणून ॲसेटिक ॲसिड, ७ ते १० टक्के. सूक्ष्म जीवाश्मांवर काम करणारेही हेच वापरतात. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून सांद्र ॲसिड आणून पातळ करावं लागतं. ते कातडी जाळतं, वाफ डोळ्यांत झोंबते आणि ते पेटही घेतं, त्यामुळे हातमोजे, गॉगल, उघडी जागा, आणि ओतायचं ते पाण्यात ॲसिड. शाळेतल्या मुलांकडून ही पायरी करून घेऊ नये.

लागतं किती? १ किलो शुद्ध चुनखडकाला १.२ किलो ॲसेटिक ॲसिड, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण १२ लिटर. स्वयंपाकातल्या ४ टक्क्यांच्या विनेगरने काम भागवायचं म्हटलं तर ३० लिटर. एवढं माडाचं विनेगर खर्च करायची कुणाची तयारी असेल असं वाटत नाही. प्रत्यक्षात द्रावण अर्धं खर्ची पडलं की वेग मंदावतो, तेव्हा ते ओतून नवं घालावं लागतं. मात्र सगळं ओतू नका. थोडं जुनं द्रावण ठेवलं की रासायनिक धक्का कमी बसतो आणि नाजूक कण वाचतात.

झाकण असलेली प्लॅस्टिकची बादली घ्या. तळाशी थेट दगड न ठेवता प्लॅस्टिकच्या जाळीवर ठेवा, म्हणजे सुटलेला गाळ खाली बसतो आणि वरच्या तुकड्यांना ॲसिड मिळत राहतं. झाकण घट्ट लावू नका: १ किलो दगडातून सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. कोंदट खोलीत हे काम नको. चार-पाच दिवसांनी द्रावण हळूच ओतून घ्या, तळाचा गाळ तसाच राहू द्या, नवं द्रावण घाला. सगळे तुकडे संपायला काही आठवडे लागतात. शहाबादीत माती आणि सिलिका बरीच असल्याने तुकडा संपला असं वाटत नाही, मऊ चिखलाचा सांगाडा उरतो. तो बोटांनी दाबून फोडू नका, पाण्यात हलवत राहा.

वापरलेलं द्रावण झाडांना किंवा विहिरीच्या आसपास ओतायचं नाही. त्यात फरशीचे टाकाऊ तुकडे टाकून ठेवा, फसफस पूर्ण थांबली आणि लिटमस कागद लाल होईनासा झाला की भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा.

चाळणी आणि चुंबक

गाळ ५० किंवा ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओतून पाण्याने धुवा. बारीक चिकणमाती निघून जाते. नायलॉनची जाळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर ताणून बसवली तरी चालते. ही चाळणी फक्त याच कामासाठी ठेवा, गच्चीच्या धुळीसाठी दुसरी. एकाच चाळणीत दोन्ही कामं करणाऱ्याचा कुठलाही निकाल ग्राह्य धरता येत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे काही वाळत नाही आणि ओल्या लोहकणांवर दोन दिवसांत गंज धरतो. म्हणून शेवटची धुलाई ऊर्ध्वपातित पाण्याने, त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि मग झाकलेल्या काचेच्या बशीत सिलिका जेलजवळ वाळवण.

निओडिमियमचा चुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला. पिशवीशिवाय वापरलात तर त्याला चिकटलेले कण जन्मात सुटत नाहीत. वाळलेल्या गाळावरून तो आधी १ सेंटिमीटर उंचीवरून फिरवा, मग हळूहळू खाली आणा. स्वच्छ बशीवर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर ओढला की कण बशीत पडतात. ही क्रिया पुन्हा पुन्हा करा. उरलेला अचुंबकी गाळही फेकू नका. कोट्यवधी वर्षांत काही गोळ्यांचं मॅग्नेटाइट पूर्ण हेमॅटाइट झालेलं असतं आणि त्या चुंबकाला दाद देत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली

२० ते ४० पटींचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि बाजूने पडणारा प्रकाश. चुंबकी गाळात बहुतेक टोकदार, कुरूप कण दिसतील: मॅग्नेटाइटचे स्फटिक, हातोडीचे पापुद्रे, गंजाचे गठ्ठे. कडप्प्यात मातीने बरबटलेल्या पायराइटच्या गोळ्याही भेटतील. त्या रास्पबेरीसारख्या, बारीक स्फटिकांच्या झुपक्यांच्या असतात. पृष्ठभागावर असे सारखे चौकोनी दाणे दिसले तर ते जमिनीवरचंच काम.

हवी असलेली गोळी करडी-काळी, धातूसारखी चमकणारी, जवळजवळ पूर्ण गोल असते. काटेकोर पाहिलं तर पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, बारीक फांद्यांची किंवा बहुभुज तुकड्यांची नक्षी असते. कित्येकदा एका बाजूला लहान उंचवटा दिसतो, तिथे निकेलयुक्त धातूचा मणी असतो. तो मणी निसटला असेल तर त्याच जागी वाटीसारखा खळगा. असा खळगा दिसला की उगीच उड्या मारू नका, पण त्या कणाला लगेच क्रमांक द्या. उचलायला ००० नंबरचा ब्रश, टोक पाण्यात किंचित ओलं. चिमटा वापरलात तर गोळी उडून जाईल आणि परत सापडणार नाही. खण असलेल्या स्लाइडवर ठेवून नमुना क्रमांक, थर, चाळणीचं माप, तारीख लिहा. चारही बाजूंनी फोटो घ्या, मापपट्टीसकट.

प्रयोगशाळेत काय विचारायचं?

या विषयातली जाणकार मंडळी गोव्यातच आहेत, हे आपलं नशीब. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य हिंदी महासागराच्या तळातल्या गाळातून वैश्विक गोलिका काढून त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. गेल्या सुमारे ५०,००० वर्षांत या धुळीचा ओघ किती होता यावरचा त्यांचा निबंध २०१३ चा. खोल समुद्राचा गाळ फार सावकाश साचतो, हिशेबाच्या परिच्छेदात जे हवं होतं ते तिथे आयतंच असतं. विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांमार्फतच संपर्क साधावा, आणि एकच गोळी घेऊन नव्हे, तर कोऱ्या फेरीचा निकाल, सालाचा निकाल, दगडाचं ठिकाण आणि खोट्यांच्या पेटीतली तुलनेची चित्रं घेऊन जावं.

तिथे दोन गोष्टी होतात. आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग. नंतर गोळी इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून मधोमध घासतात आणि हिऱ्याच्या पेस्टने १ मायक्रॉनपर्यंत चकचकीत करून आतली रचना आणि रसायन बघतात. आतमध्ये वुस्टाइट (लोखंडाचाच एक ऑक्साइड) आणि मॅग्नेटाइट गुंफलेले दिसले, निकेल मिळालं, मँगनीज-टायटॅनियम-सिलिका नगण्य असलं, तर बाजू भक्कम. वुस्टाइट हे जमिनीवरच्या परिस्थितीत सहज टिकणारं खनिज नव्हे, त्यामुळे त्याचं वजन जास्त. पण ग्राइंडरच्या ठिणगीतही ते असू शकतं, म्हणून ते एकटं पुरेसं नाही. निकेल आहे पण क्रोमियमही भरपूर आहे, तर तो स्टेनलेस स्टीलचा वेल्ड. लोखंड आहे, मँगनीज आहे, निकेल नाहीच, तर साध्या पोलादाची शक्यता मोठी. इथे जुन्या खडकाची एक गोम आहे: खडकातल्या पाण्याने गोळीतलं निकेल धुऊन नेलेलं असू शकतं आणि मँगनीज बाहेरून आत आलेलं असू शकतं. इंग्लंडच्या क्रिटेशियस काळातल्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या युगातल्या) खडूच्या खडकात संशोधक सटल आणि वर आलेले गेंज यांना असेच बदललेले कण मिळाले, २०१७ साली. त्यामुळे निकेल नाही म्हणून गोळी लगेच फेकायची नाही. अशा वेळी आतली फांद्यांची नक्षी टिकली आहे का, धातूच्या मण्याची जागा दिसते का आणि कोरी फेरी खरंच कोरी होती का, या तिन्हींवर निर्णय ठरतो. तिन्ही बाजूंनी होकार नसेल तर स्लाइडवर ‘अनिश्चित’ लिहायचं.

घासताना अर्धी गोळी जाते, ती परत येत नाही. त्यामुळे ती प्रयोगशाळेत देण्याआधीच लेखी ठरवून घ्या: कुठल्या क्रमांकाची गोळी घासायची, कुठली अखंड ठेवायची, उरलेलं रेझिन कुणाकडे राहणार आणि पुढे काही छापलं गेलं तर दगड कुणी आणला याची नोंद कुठे होणार. एकाच थरातल्या दोन गोळ्या असतील तर कमी सुबक असलेली आधी द्या. समस्थानिकांची तपासणी पुढे कधी करायची झाली, तर दुसरी हात न लावलेली हवी.